डिव्हाइस ट्री बाइंडिंग

डिव्हाइस ट्री बाइंडिंग : संगणक-मंडलावर कोणती साधने बसविली आहेत व ती कोठे आणि कशी जोडली आहेत, हे परिचालन प्रणालीच्या गाभ्याला कळविण्यासाठी जे वर्णन लिहितात, त्या वर्णनाची शब्दयोजना व रचना निश्चित करणारा दस्तऐवज. गाभा म्हणजेच कर्नल हा परिचालन प्रणालीचा सर्वांत आतला भाग असून यंत्रसामग्रीचा ताबा त्याच्याकडे असतो. गाभ्यातील ज्या आज्ञावलीमुळे एका विशिष्ट साधनाशी व्यवहार करता येतो, तिला ड्रायव्हर म्हणतात. मंडलावरील साधनांचे वर्णन ज्या वृक्षाकार मांडणीत करतात, ती डिव्हाइस ट्री किंवा साधनवृक्ष होय. या वृक्षातील प्रत्येक प्रकारच्या साधनाच्या नोंदीत कोणत्या गोष्टी असाव्यात, कोणत्या असू नयेत व त्यांचा अर्थ काय, हे बाइंडिंगमध्ये सांगितलेले असते. वर्णन यंत्राचे असते आणि ते वाचणारा ड्रायव्हर असतो; बाइंडिंग हा या दोहोंमधील लेखी करार होय. यंत्राविषयीचे ज्ञान आज्ञावलीत लिहावे की आज्ञावलीबाहेर, या प्रश्नाचे उत्तर शोधताना हा करार हळूहळू आकारास आला.

गरज : अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील राहुरी परिसरात एखाद्या शेतात हवेचे तापमान, आर्द्रता व दाब मोजणारे छोटे केंद्र उभारले आहे, असे समजू. त्यात तळहाताएवढे संगणक-मंडल असून त्याला बॉश कंपनीची बीएमई२८० ही संवेदक चिप दोन तारांच्या वाहिनीने जोडली आहे. आय-स्क्वेअर-सी नावाची ही वाहिनी फिलिप्स कंपनीने १९८२ साली प्रचारात आणली. तिच्यावरील प्रत्येक चिपला एक क्रमांक असतो व तोच तिचा पत्ता होय. बीएमई२८० चिपचा पत्ता षोडशमान पद्धतीने ७६ किंवा ७७ असतो. परंतु ‘या पत्त्यावर कोण आहे?’ असे विचारून नाव सांगेल अशी सर्वसाधारण सोय या वाहिनीत नाही. त्याच पत्त्यावर अगदी वेगळ्या कामाची दुसरी चिपही असू शकते. गाभ्यात योग्य ड्रायव्हर हजर असला, तरी तो कोणत्या वाहिनीवर व कोणत्या पत्त्यावर लावावयाचा, हे कोणीतरी आधी सांगावेच लागते.

घरगुती संगणकात ही अडचण फारशी जाणवत नाही. १९९२ साली पुढे आलेल्या पीसीआय वाहिनीवरील प्रत्येक कार्डात उत्पादकाचा व साधनाचा क्रमांक कोरलेला असतो. १९९६ सालच्या यूएसबी पद्धतीतही साधन स्वतःची ओळख देते. मंडलावर कायम बसविलेल्या इतर घटकांची माहिती १९९६ पासून एसीपीआय या मानकानुसार फर्मवेअरमधील तक्त्यांतून मिळू लागली. भ्रमणध्वनी, मार्गक (राउटर), वाहनांतील नियंत्रक व शेतीतील उपकरणे यांमध्ये मात्र बहुसंख्य घटक मुके असतात. त्यांची ओळख लिहून ठेवण्यावाचून गत्यंतर नसते.

महाराष्ट्रातील महसुली दप्तराशी या व्यवस्थेची तुलना करता येईल. गाव नमुना सातमध्ये जमिनीचे क्षेत्र व हक्क यांची नोंद असते, तर नमुना बारामध्ये पिकांची. यंदा ज्वारीऐवजी कांदा घेतला म्हणून जमिनीचे क्षेत्र बदलत नाही व ती नोंदही बदलावी लागत नाही. त्याचप्रमाणे आज्ञावली बदलली, तरी मंडलावरील तारा व चिपा तेथेच असतात. त्यांचे वर्णन आज्ञावलीपासून वेगळे ठेवणे हे डिव्हाइस ट्रीमागील मूळ सूत्र आहे.

उगम : या कल्पनेचा उगम अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत झाला. मिच ब्रॅडली यांनी तेथे विकसित केलेले ओपनबूट नावाचे फर्मवेअर १९८९ साली स्पार्कस्टेशन–१ या संगणकाबरोबर बाजारात आले. संगणक सुरू होताच हे फर्मवेअर जोडलेल्या साधनांचा शोध घेई व त्यांची वृक्षाकार यादी परिचालन प्रणालीच्या हवाली करी. वृक्षाच्या मुळाशी संपूर्ण यंत्र, त्याच्या शाखांवर वाहिन्या व वाहिन्यांच्या शाखांवर साधने अशी ही रचना होती. प्रत्येक शाखाबिंदूला नोड म्हणतात व नोडवर त्या साधनाचे गुणधर्म नावे आणि मूल्ये यांच्या जोड्यांनी लिहिलेले असतात.

ही पद्धती आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने १९९४ साली १२७५ क्रमांकाचे मानक म्हणून स्वीकारली. ओपन फर्मवेअर या नावाने ती ओळखली जाते. मूळ मानकात सर्व यंत्रांना लागू पडणारे नियम होते व पीसीआयसारख्या विशिष्ट वाहिन्यांसाठी आणि विशिष्ट प्रक्रियकांसाठी स्वतंत्र पुरवण्या होत्या. सर्वसाधारण नियम विशिष्ट यंत्रसामग्रीशी बांधून देणाऱ्या या पुरवण्यांना बाइंडिंग असे नाव पडले व तेच पुढे रूढ झाले. ॲपलचे पॉवरपीसी प्रक्रियकाचे संगणक व आयबीएमचे मोठे संगणक यांतही ओपन फर्मवेअरचा वापर झाला.

पॉवरपीसी व सपाट वृक्ष : लिनस टोरव्हाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेला लिनक्स हा गाभा पॉवरपीसी प्रक्रियकावरही चालू लागला. या प्रक्रियकाच्या मोठ्या संगणकांत ओपन फर्मवेअर असे. परंतु त्याच प्रक्रियकाच्या लहान अंतःस्थापित मंडलांत एवढे मोठे फर्मवेअर ठेवणे परवडत नसे. २००५ साली लिनक्समधील ३२ व ६४ बिटी पॉवरपीसी शाखा एकत्र करण्याचे काम चालू असताना बेंजामिन हेरेनश्मिट यांनी यावर तोडगा काढला. फर्मवेअर नसले तरी त्याने दिलेला वृक्ष तेवढा असावा, अशी ही योजना होती. वृक्ष आधीच हाताने लिहून, त्याचे सलग द्विमान रूप करून ते गाभा सुरू करताना त्याच्या हाती द्यावयाचे, असे ठरले. या रूपास सपाट वृक्ष म्हणतात. लिखित वर्णनाचे द्विमान रूप करणारा डीटीसी हा संकलक डेव्हिड गिब्सन यांनी तयार केला.

या बदलाने एक नवीन जबाबदारी निर्माण झाली. ओपन फर्मवेअरमध्ये वृक्ष यंत्रातूनच निघत असे. आता तो माणसाने लिहावयाचा होता. दोन माणसे एकच चिप दोन प्रकारे वर्णू लागली, तर एकाच ड्रायव्हरला दोन्ही वाचता येणार नाहीत. म्हणून प्रत्येक चिपसाठी मान्य शब्दयोजना लिहून ठेवणे आवश्यक झाले. २००८ साली पॉवर डॉट ऑर्ग या संघटनेने ईपीएपीआर या नावाने अंतःस्थापित मंडलांसाठी एक मानक प्रसिद्ध केले. त्याच वर्षी ग्रँट लाइकली व जॉश बॉयर यांनी ओटावा येथील लिनक्स परिसंवादात या पद्धतीचे विवेचन करणारा निबंध सादर केला.

एआरएम प्रक्रियकांचा प्रश्न : एआरएम प्रक्रियकांच्या बाबतीत वेगळीच प्रथा होती. प्रत्येक नव्या मंडलाला एक यंत्रक्रमांक मिळे व त्या मंडलाची सारी माहिती गाभ्यातच सी भाषेतील एका फाइलमध्ये लिहिली जाई. या प्रक्रियकाचा परवाना घेऊन अनेक कंपन्या आपापल्या चिपा बनवीत असल्याने अशा फाइलींची संख्या वाढतच गेली. त्यांतील पुष्कळशा एकमेकींसारख्याच होत्या. फरक असे तो एखाद्या पत्त्याचा किंवा संकेतवाहक तारेच्या क्रमांकाचा. शिवाय एका मंडलासाठी तयार केलेला गाभा दुसऱ्यावर बहुधा चालत नसे.

मार्च २०११ मध्ये टोरव्हाल्ड्स यांनी या गोंधळाविषयी जाहीरपणे तीव्र नापसंती व्यक्त केली. त्यानंतर एआरएम शाखेची पुनर्रचना हाती घेण्यात आली. आर्न्ड बर्गमन व ओलोफ जोहान्सन यांनी निरनिराळ्या उत्पादकांच्या चिपांसंबंधीचे बदल एका ठिकाणी तपासून घेण्याची व्यवस्था केली आणि नवीन मंडलांचे वर्णन डिव्हाइस ट्रीतच असावे, असा दंडक पडला. २०१२ च्या अखेरीस लिनक्समध्ये आलेल्या ६४ बिटी एआरएम शाखेत मंडलागणिक फाइलींची जुनी प्रथा शिरलीच नाही. एकच गाभा व अनेक वृक्ष ही व्यवस्था अशा प्रकारे रूढ झाली. वृक्ष गाभ्याच्या हाती देण्याचे काम यू-बूटसारख्या प्रारंभक आज्ञावल्या करू लागल्या.

बाइंडिंगचे स्वरूप : बाइंडिंगमधील सर्वांत महत्त्वाचा गुणधर्म ‘कंपॅटिबल’ हा होय. त्याचे मूल्य उत्पादकाचे संक्षिप्त नाव, स्वल्पविराम व साधनाचे नाव अशा स्वरूपात लिहितात. उदा., वर उल्लेखिलेल्या संवेदकासाठी ‘बॉश’ व ‘बीएमई२८०’ हे दोन शब्द स्वल्पविरामाने जोडून लिहितात. ड्रायव्हरमध्ये आपण कोणती नावे ओळखतो, याची यादी असते. गाभा वृक्षातील नाव त्या यादीशी ताडून पाहतो व जुळल्यास ड्रायव्हर त्या नोडला लावतो. उत्पादकांच्या संक्षिप्त नावांचीही एक नोंदवही ठेवलेली आहे, त्यामुळे एकाच नावाचे दोन दावेदार होत नाहीत. एका नोडवर अनेक नावे विशेषाकडून सामान्याकडे अशा क्रमाने देता येतात. नव्या चिपसाठी खास ड्रायव्हर नसला, तरी तिच्याशी सुसंगत अशा जुन्या चिपचे नाव यादीत असल्यास काम अडत नाही.

इतर गुणधर्मांत साधनाचा पत्ता, त्याची व्यत्यय-संकेताची तार, त्याला लागणारे घड्याळ-संकेत व वीजपुरवठा यांचा समावेश होतो. एका नोडवरून दुसऱ्या नोडचा निर्देश करता येतो, त्यामुळे ‘या संवेदकाला अमुक नियामकातून वीज मिळते’ असा संबंधही लिहिता येतो. साधन मंडलावर असूनही वापरात नसल्यास तसे दाखविणारा स्थितिदर्शक गुणधर्म असतो.

लेखनाचे नियम : बाइंडिंग लिहिण्याचे काही नियम अनुभवातून ठरले. पहिला नियम असा की, वर्णन यंत्रसामग्रीचे असावे, एखाद्या परिचालन प्रणालीच्या सोयीचे नसावे. ‘हा संवेदक दर दहा सेकंदांनी वाचावा’ हे धोरण झाले, त्यामुळे ते बाइंडिंगमध्ये बसत नाही. ‘या संवेदकाची व्यत्यय-तार अमुक जागी जोडली आहे’ ही वस्तुस्थिती आहे, म्हणून ती बसते. दुसरा नियम नावांविषयीचा आहे. अनेक चिपांना मिळून एक मोघम नाव देऊ नये, प्रत्येक चिपला तिचे नेमके नाव द्यावे. कारण आज सारख्या दिसणाऱ्या दोन चिपांत उद्या एखादा दोष वेगळा आढळू शकतो व तेव्हा त्या वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत. तिसरा नियम क्रमाविषयीचा असून बदल सादर करताना बाइंडिंगचा दस्तऐवज आधी व तो वाचणारा ड्रायव्हर नंतर असावा, असा तो आहे.

या नियमांमागे कराराच्या स्थैर्याचा प्रश्न आहे. एकदा वृक्ष यंत्राच्या स्मृतीत बसवून यंत्र बाहेर गेले, की तो पुन्हा बदलला जाईल याची खात्री नसते. गाभा मात्र वरचेवर बदलतो. म्हणून जुना वृक्ष नव्या गाभ्याबरोबरही चालला पाहिजे, असे तत्त्व मांडण्यात आले. २०१३ मध्ये या तत्त्वाविषयी पुष्कळ वादविवाद झाला. बाइंडिंग घाईने स्वीकारले, तर त्यातील चूक कायमची गळ्यात पडते. फार काटेकोरपणे तपासले, तर नव्या मंडलांना वाट पाहावी लागते, असे दोन्ही बाजूंचे म्हणणे होते. त्याच वर्षी बाइंडिंगच्या परीक्षणासाठी रॉब हेरिंग, मार्क रटलंड प्रभृतींचा स्वतंत्र गट नेमण्यात आला. ड्रायव्हर तपासणारे व वर्णन तपासणारे वेगळे असावेत, ही प्रथा तेव्हापासून दृढ झाली.

गद्य दस्तऐवजापासून स्कीमापर्यंत : आरंभी बाइंडिंग साध्या गद्यात लिहीत. ते माणसाला वाचता येई. पण त्याच्याशी ताडून एखादा वृक्ष बरोबर आहे की नाही, हे यंत्राला ठरविता येत नसे. एखाद्या गुणधर्माच्या नावातील एक अक्षर चुकले, तरी संकलक तक्रार करीत नसे. ड्रायव्हरला तो गुणधर्म सापडत नसे व साधन मुकाट्याने बंद राही. दस्तऐवजात एक व ड्रायव्हरमध्ये दुसरेच, असेही प्रकार होत. शेकडो मंडलांचे वृक्ष माणसांनी ओळ न् ओळ वाचून तपासणे अशक्य होते.

हेरिंग यांच्या पुढाकाराने २०१८–१९ मध्ये बाइंडिंग यामल या मांडणीत व जेसन स्कीमा या नियमभाषेत लिहिण्यास सुरुवात झाली. अशा दस्तऐवजात शीर्षक, देखभाल करणाऱ्यांची नावे, वर्णन, गुणधर्मांची यादी, प्रत्येकाच्या मूल्याची मर्यादा, आवश्यक गुणधर्म व एक नमुना असे भाग असतात. नमुन्याचेही संकलन करून तो त्याच दस्तऐवजातील नियमांशी ताडून पाहिला जातो, त्यामुळे दस्तऐवजातील उदाहरणच चुकीचे असण्याचा संभव कमी होतो. यादीत नसलेला गुणधर्म आढळल्यास तपासणी-आज्ञावली तो दाखवून देते. जुने गद्य दस्तऐवज या नव्या रूपात आणण्याचे काम त्यानंतर वर्षानुवर्षे चालू राहिले असून त्यात अनेक देशांतील अभियंत्यांचा व विद्यार्थ्यांचा हातभार लागला आहे. क्रिस्टॉफ कोझलॉव्स्की व कॉनर डूली हेही हेरिंग यांच्याबरोबर परीक्षणाचे काम करू लागले.

मूळ भाषेचे स्वतंत्र मानकही याच काळात तयार झाले. ईपीएपीआरच्या आधारे रचलेल्या डिव्हाइस ट्री विनिर्देशाची ०.१ ही आवृत्ती २०१६ मध्ये व ०.४ ही आवृत्ती २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. नवे बाइंडिंग सामान्यतः दुहेरी परवान्याखाली प्रसिद्ध करतात. त्यामुळे लिनक्सखेरीज यू-बूट, फ्रीबीएसडी इ. प्रकल्पांनाही ती वापरता येतात.

मर्यादा : डिव्हाइस ट्री हा सर्वच प्रश्नांवरील उपाय नव्हे. मंडल वापरात असताना त्याला नवे साधन जोडले, तर मूळ वृक्ष अपुरा पडतो. यासाठी पँटेलिस अँटोनिऊ यांनी वृक्षावर वरून दुसरा छोटा वृक्ष कलम करण्याची सोय केली व ती २०१५ साली लिनक्समध्ये आली; रास्पबेरी पायसारख्या शैक्षणिक मंडलांवर अशा पूरक वृक्षांचा बराच उपयोग होतो. मोठ्या सेवा-संगणकांच्या क्षेत्रात एआरएम प्रक्रियकांसाठीही एसीपीआय पद्धती स्वीकारण्यात आली. याहून गंभीर अडचण म्हणजे काही उत्पादक आपल्या गाभ्याच्या खासगी प्रतीतच वर्णने ठेवतात व त्यांचे दस्तऐवज कधीच परीक्षणासाठी सादर करीत नाहीत. उत्पादकाने त्या प्रतीची देखभाल सोडली, की धडधाकट यंत्रही जुन्या व असुरक्षित आज्ञावलीशी जखडून राहते व अखेरीस भंगारात जाते.

याच्या उलट उदाहरण ॲपलच्या एम१ प्रक्रियकाचे आहे. हा प्रक्रियक २०२० साली बाजारात आला. उत्पादकाने त्याच्यासाठी लिनक्सचे दस्तऐवज दिले नव्हते. हेक्टर मार्टिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी यंत्राचे वर्तन अभ्यासून त्याची वर्णने व बाइंडिंग लिहिली आणि २०२१ मध्ये लिनक्सच्या ५.१३ या आवृत्तीत त्याला प्राथमिक आधार मिळाला. उत्पादकाच्या साहाय्याविनाही यंत्राचे सार्वजनिक वर्णन करता येते, हे त्यावरून दिसले. परंतु त्यासाठी किती श्रम पडतात, हेही दिसले.

भारतातील व जिल्ह्यातील संदर्भ : या कार्यात भारतीय अभियंत्यांचाही वाटा आहे. प्रक्रियकाची कार्यवारंवारता व तिला लागणारे विद्युत् दाब यांच्या जोड्या वर्णन करण्याचे जुने बाइंडिंग अपुरे पडू लागल्यावर लिनारो संस्थेतील विरेश कुमार यांनी २०१५ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती तयार केली. विजेची बचत करणाऱ्या अनेक चिपांच्या वर्णनात तिचा उपयोग होतो. भारतात शक्ती व वेगा ही प्रक्रियक-कुले आरआयएससी-व्ही या खुल्या आज्ञासंचावर आधारलेली आहेत. लिनक्सची त्या आज्ञासंचासाठीची शाखा डिव्हाइस ट्रीवरच उभी राहिली. त्यामुळे अशा चिपा लिनक्सखाली चालविणाऱ्यांना बाइंडिंग-लेखनाचे ज्ञान आवश्यक ठरते.

अहिल्यानगर जिल्ह्यात या विषयाशी संबंध येण्याजोगी दोन क्षेत्रे आहेत. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठात (स्थापना १९६८) भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पाखाली हवामान-अनुकूल शेती व जलव्यवस्थापन या विषयाचे केंद्र काढण्यात आले आणि त्याद्वारे संवेदक, ड्रोन व सिंचन-नियोजनाच्या संगणकीय साधनांवर काम झाले. अहिल्यानगर येथील संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था ही केंद्रीय मोटार वाहन नियमांखालील मान्यताप्राप्त चाचणी-संस्थांपैकी एक असून तेथे वाहनांतील इलेक्ट्रॉनिक साधनांच्या विद्युत् चुंबकीय सुसंगतीच्या चाचण्यांची सोय आहे. शेतातील संवेदक असो वा वाहनातील नियंत्रक, एका उत्पादकाचा भाग दुसऱ्याच्या आज्ञावलीने चालवावयाचा असतो व यंत्राचे आयुष्य त्या आज्ञावलीच्या एका आवृत्तीहून पुष्कळ अधिक असते. अवर्षणप्रवण भागात पाण्याची पाळी ठरविण्यासाठी बसविलेले केंद्र पाच-सात वर्षांनी दुरुस्त करण्याची वेळ आली असता ते बनविणारा उपलब्ध असेलच असे नाही. त्याच्या घटकांचे वर्णन सार्वजनिक व तपासलेल्या बाइंडिंगनुसार केलेले असेल, तर नवा गाभा बसवून अन्य तंत्रज्ञालाही ते चालू ठेवता येते. तसे नसेल, तर चांगला संवेदकही निरुपयोगी ठरतो.

महत्त्व : ओपनबूटपासून स्कीमापर्यंतच्या या वाटचालीत यंत्राविषयीचे ज्ञान क्रमाक्रमाने फर्मवेअरमधून लिखित वृक्षात, वृक्षातून गद्य दस्तऐवजात व गद्यातून यंत्राला तपासता येईल अशा नियमांत आले. ड्रायव्हर पुन्हा लिहिता येतो, गाभाही बदलता येतो. परंतु मंडलावर काय जोडले आहे, ही माहिती ते बनविणाऱ्यालाच मुळात असते व ती त्याने वेळीच लिहून न ठेवल्यास नंतर मोठ्या कष्टाने मिळवावी लागते. या कारणाने बाइंडिंग-लेखन हे ड्रायव्हर-लेखनाचे दुय्यम उपांग न मानता यंत्रनिर्मितीचाच एक भाग मानले जाऊ लागले आहे.